रायफलीची राहिलेली उत्तरपूजा

ट्रॉय, मिशिगन
आश्विन वद्य एकादशी, शुक्रवार

सन्माननीय मेहुणे श्री. मोरेश्वरराव यांचे सेवेसी, कृष्णाजी सदाशिव उमाळे याचा नमस्कार. (साष्टांग घालावा अशी इच्छा होती, परंतु खाली वाकलेला मनुष्य येथील गालिच्यावरून पुन्हा उठतो कसा, याचा अनुभव नुकताच आल्यामुळे तो मनानेच घातला आहे असे समजावे.) आम्ही सर्वजण येथे सुखरूप असून कारंज्यातील आपणा सर्वांचे क्षेम इच्छितो. आपल्या भगिनी सौ. नंदा यांची प्रकृती उत्तम आहे. त्यांचा आवाज तर पूर्वीपेक्षाही सुधारला आहे. आपल्या गुडघ्याला एरंडाचे पान गरम करून बांधावे असे त्यांनी सांगितले आहे, आणि आपण ते बांधणार नाही हेही त्यांनीच सांगितले आहे. तेव्हा त्या विषयात मला काही लिहिण्यासारखे उरलेले नाही.

हा मजकूर मी फोनवर का सांगितला नाही, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे कारण असे की, या घरात फोन ही कानाला लावण्याची वस्तू राहिलेली नसून टेबलाच्या मध्यभागी ठेवून सर्वांनी मिळून ऐकण्याची वस्तू झालेली आहे. काही गोष्टी एका वडीलधाऱ्याने दुसऱ्या वडीलधाऱ्यास लिहूनच कळवाव्या लागतात. आमच्या गल्लीतील प्रसन्न नावाचा तरुण दिवाळीकरिता उद्या नागपुरास निघत आहे. तो हे पत्र आपल्या हाती देईल. पाकीट मी भाताच्या खळीने चिकटवणार आहे. ते उघडलेले आढळल्यास चौकशी आपल्या भगिनींपासून सुरू करावी.

विषय रायफलीचा आहे. दचकू नये. बसून वाचावे.

माझी खुर्ची मागील अंगणाच्या काचेच्या दारापाशी असते, हे आपणांस ठाऊक आहेच. सध्या येथे पानगळ चालू आहे. मेपल नावाच्या झाडाची पाने आधी पिवळी, मग केशरी, मग हळदीकुंकवाच्या समारंभात कुंकू सांडावे तशी लाल होतात आणि वाऱ्याची वाटही न पाहता एकेक करून खाली उतरतात. सकाळचा चहा झाला की मी तिकडे पाहू लागतो आणि पाहता पाहता जेवणाची वेळ होते. सूनबाई सौ. कांचन म्हणते, "बाबा, तुम्ही झोपला होतात." मी झोपलेला नसतो. डोळे मिटून पाहणे आणि झोपणे यांत फरक आहे. परंतु तो नोकरी करणाऱ्या माणसास समजावून सांगता येत नाही.

डाव्या हाताच्या घरात श्री. वॉल्टर नोवाक राहतात. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, विधुर, वयाने माझ्याच पंगतीचे. मी त्यांना वॉल्टरराव म्हणतो आणि ते मला 'क्रिश' म्हणतात. (मी ते चालवून घेतले आहे. पूर्ण नावाचा त्यांनी एकदा प्रयत्न केला होता. तो पाहवला नाही.) रोज दुपारी आम्ही दोघे त्यांच्या गॅरेजच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसतो. ते इंग्रजीत बोलतात, मी मराठीत बोलतो, आणि कोणीही कोणाचे बोलणे मध्ये तोडत नाही. इतके सभ्य संभाषण मी कारंज्यात कधी केलेले नाही.

उत्तरेकडे अरण्यात वॉल्टररावांची एक लाकडी खोली आहे. दर वर्षी पंधरा नोव्हेंबरास येथे बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा हंगाम उघडतो आणि तेव्हा ते व त्यांचे धाकटे बंधू तेथे जाऊन राहत असत. बंधू दोन वर्षांपूर्वी वारले. मागील वर्षी वॉल्टरराव गेलेच नाहीत. ती खोली विकून टाकावी, म्हाताऱ्या माणसाने एकट्याने अरण्यात राहू नये, असा त्यांच्या मुलांनी धोशा लावला आहे. श्रावणातल्या एका दुपारी त्यांनी चिरंजीव सुमंत यास बोलावून घेतले आणि त्याच्याकरवी मला विचारले की, या वर्षी क्रिश बरोबर येत असेल तर मी जातो, नाहीतर मुले म्हणतात तसे करून टाकतो. हे विचारताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. हातातल्या पान्याकडे पाहत होते. मी तत्काळ होकार दिला. उमाळ्यांच्या घरात मैत्रीचे आमंत्रण विचार करून स्वीकारण्याची पद्धत नाही.

त्यांनी खोलीतली छायाचित्रेही दाखवली. बंधू सूप ढवळत आहेत, बंधू पत्ते पिसत आहेत, दोघे बर्फात खुर्च्या टाकून बसले आहेत, बंधू खुर्चीतच झोपले आहेत. मोरेश्वरराव, इतक्या वर्षांची छायाचित्रे, परंतु मेलेले हरीण एकाही छायाचित्रात नाही! वॉल्टरराव माणूस म्हणून थोर आहेत, मात्र शिकारी म्हणून सामान्य असावेत, असे मला त्या वेळी वाटले. तेव्हा शिकारीची बाजू आपल्यालाच सांभाळावी लागणार, हे मी ओळखले. बंधूंची रायफल मला देऊ केली होती. परंतु दिवंगत माणसाची वस्तू मागच्या माणसाच्या डोळ्यांदेखत वापरणे मला प्रशस्त वाटले नाही. शिवाय उसने शस्त्र घेऊन मोहिमेवर जाणारा पुरुष आपल्या सात पिढ्यांत झालेला नाही. (मोहिमेवर जाणाराही झालेला नाही, असे नंदा म्हणाल्या. तो मुद्दा वेगळा आहे.)

नंदांची पहिली प्रतिक्रिया मी येथे जशीच्या तशी उद्धृत करतो, कारण आपल्या भगिनीचे विचार आपणांस ठाऊक असावेत. भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या, "जन्मात एक उंदीर मारला नाही अन् निघाले हरणाला! घ्या, जाताना पिंजरा घेऊन जा. सवय आहे त्याची." यावर सबंध घर हसले.

हा आरोप आपल्याही कानावर पूर्वी आलेला असणार, म्हणून खुलासा करतो. लोखंडी सामानाच्या आपल्या दुकानात उंदीर होते आणि उंदरांचे पिंजरेही होते. रात्री पिंजऱ्यात उंदीर सापडे आणि सकाळी मी तो नाल्यापलीकडे नेऊन सोडून देई, ही गोष्ट सत्य आहे. परंतु ती दया नव्हती. व्यापाराची नीती होती. पिंजऱ्याचे काम पकडण्याचे. त्याने ते चोख केले की मालाची परीक्षा झाली. पुढचे काम पिंजऱ्याचेही नव्हे आणि दुकानदाराचेही नव्हे. तोच उंदीर पुन्हा येतो असे आपण एकदा मला म्हणाला होतात. येत असेल. गिऱ्हाईकही पुन्हा येतेच.

असो. रायफल घ्यायची हे ठरले, तेव्हा मी पहिली अट अशी घातली की, रायफल एकच घेईन, परंतु ती सर्वगुणसंपन्न असली पाहिजे. येथील लोक सशाला एक, हरणाला दुसरी, अस्वलाला तिसरी अशा बंदुका बाळगतात. हा उधळेपणा आहे. मी खुर्चीत बसून पुष्कळ विचार केला. पंधरा नोव्हेंबरच्या पहाटे मी बर्फात उभा आहे. झाडे काळी, आकाश दुधाच्या सायीसारखे. समोरून हरीण येते, हे ठरलेलेच. परंतु हरणामागून अस्वल आले तर? अस्वल बाजूला होऊन त्याला वाट देते आणि मागून मूस नावाचे ते प्रचंड, दुःखी चेहऱ्याचे जनावर येते, ज्याच्या शिंगांवर आपल्या दुकानातील सर्व साखळदंड वाळत घालता येतील. त्याच्याही मागे, धुक्यातून, आपल्याकडील रानडुक्कर येते, नीलगाय येते. आणि सर्वांच्या शेवटी, ज्याचा पाय पडला तरी बर्फ वाजत नाही असा, मेळघाटातील वाघ. (वाघ मारणे कायद्याने गुन्हा आहे हे मला ठाऊक आहे. त्याला केवळ मुजरा करायचा. परंतु मुजऱ्याच्या वेळी हाती साजेसे शस्त्र हवे.) ही सर्व जनावरे माझ्यासमोरून एका ओळीत, सावकाश, कोणतीही तक्रार न करता जात असतात आणि मी प्रत्येकाकडे पाहत असतो. गोळी झाडण्याची वेळ येण्याच्या आत कांचन जेवायला हाक मारते.

इतक्या प्रकारच्या जनावरांना पुरेल अशी एकच रायफल निवडणे सोपे नव्हते. प्रथम सुमंतने त्याच्या कंपनीत नव्या मोटारीची परीक्षा घेतात तशी संगणकावर तुलना मांडली आणि म्हणाला, "बाबा, ऑल-राउंडर म्हणजे कशातच बेस्ट नसतो. तुमचा युज केस काय आहे ते आधी सांगा ना." मी त्याला म्हणालो, तुझ्या आईने पन्नास वर्षे एकाच विळीवर कांदा चिरला, नारळ खोवला आणि मासळीही साफ केली, विळीला कोणी युज केस विचारला नाही. यावर त्याने संगणक मिटला. नंदांना मात्र उगाचच आनंद झाला आणि त्या दिवशी मला दोनदा चहा मिळाला.

नंतर डॉ. देवदत्त घाटे आले. हे मूळचे नागपूरचे, येथे तरुणपणी आले, हृदयरोगाचे डॉक्टर म्हणून निवृत्त झाले आणि आता शिकार करतात. (आयुष्यभर हृदये वाचवून म्हातारपणी त्यांवर नेम धरणे हा काय प्रकार आहे, असे मी त्यांना विचारले नाही.) त्यांनी सोफ्यावर बसता बसताच निकाल दिला. "कृष्णाजी, फर्गेट एव्हरीथिंग. डोळे मिटून थर्टी-ऑट-सिक्स घ्या. उंदरापासून ऐरावतापर्यंत चालते!" उंदराचा उल्लेख होताच स्वयंपाकघरातून खोकल्याचा आवाज आला. हे थर्टी-ऑट-सिक्स एका काडतुसाचे नाव आहे. तीनशे आठ म्हणून त्याचे एक धाकटे भावंड आहे, ते आखूड असून खांद्याला कमी धक्का देते, असे दुकानदार सांगतात. वॉल्टरराव मात्र या दोहोंनाही नाक मुरडतात. त्यांच्याजवळ वडिलार्जित थर्टी-थर्टी आहे, जिच्या खालचा खटका पंपासारखा पुढे-मागे करावा लागतो. डॉक्टर आणि वॉल्टरराव यांचा या विषयावर गॅरेजमध्ये मोठा वाद झाला. दोघेही एकमेकांना "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट" म्हणत होते, ज्याचा अर्थ आता अजिबात आदर राहिलेला नाही असा होतो, हे सुमंतने मला नंतर सांगितले.

घरातील विरोधाचे स्वरूप याहून गंभीर होते. नात चि. उर्वी, वय पंधरा, हिने दूध व तूपसुद्धा वर्ज्य केले आहे. ती एवढेच म्हणाली, "आजोबा, दॅट्स सो नॉट ओके," आणि जिना चढून गेली. कांचन मात्र समोर बसली. ती कधी आवाज चढवत नाही, म्हणूनच तिची भीती वाटते. "बाबा, हिच्या शाळेत मुलं दार लावून, लाइट बंद करून बाकाखाली लपायची प्रॅक्टिस करतात. आणि माझ्या घरात गन येणार? मी रात्री झोपू कशी?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी बराच वेळ बोललो. शेवटी असे ठरले की, रायफल गॅरेजमधील लोखंडी कपाटात कुलपात राहील, घोड्यालाही वेगळे कुलूप राहील, दोन्ही किल्ल्या कांचनजवळ राहतील आणि काडतुसे या घराचा उंबरठा ओलांडणार नाहीत, ती वॉल्टररावांकडे राहतील. जन्मभर कुलपे विकलेला मनुष्य म्हणून मी दोन्ही कुलपे स्वतः निवडली. ती उत्तम आहेत. माझ्यानेही उघडत नाहीत.

रायफलीवर बसवायची दुर्बीण हे शस्त्र नव्हे, म्हणून ती रायफलीच्या आधी घरात येऊ शकली. वस्तू तीन पटीपासून नऊ पटीपर्यंत मोठी दाखवणारी, अशी ती आहे; सर्वगुणसंपन्न रायफलीला हीच शोभते याबद्दल सर्व पक्षांचे एकमत झाले. पहाटे आमच्या मागील अंगणात एक हरिणी येते. तिचा डावा कान फाटलेला आहे आणि ती कांचनची भेंडी खाते. एके दिवशी मी नुसती दुर्बीण घेऊन काचेपाशी बसलो आणि कडे फिरवून नऊ पटीवर आणले. मोरेश्वरराव, तिच्या पापण्या दिसल्या. लांब, वळलेल्या, टोकाशी दव असलेल्या. ती भेंडी खाताना जबडा आडवा हलवते, अगदी आपण पान खाताना हलवता तसा, आणि मध्येच थांबून, आपल्यासारखीच, काहीतरी महत्त्वाचे आठवल्याप्रमाणे दूर पाहते. ती नेमकी माझ्याकडे पाहत होती. मी दुर्बीण खाली ठेवली. दुर्बिणीचा दर्जा उत्कृष्ट आहे याबद्दल त्या दिवसापासून मला शंका उरली नाही.

त्यानंतर मी रायफलीची निवड अधिक बारकाईने करू लागलो. म्हणजे घाई करणे सोडले. हलके प्लास्टिकचे दस्ते मी नाकारले आणि अक्रोडाच्या लाकडाचा आग्रह धरला. अक्रोडाचा मिळाला, तेव्हा त्याच्या लाकडातील रेघा उभ्या नसून तिरप्या आहेत अशी हरकत घेतली. तीही मिटली, तेव्हा पितृपक्ष लागला. डॉक्टर कळवळून म्हणाले, "अहो, सेल आहे! फिफ्टीन पर्सेंट ऑफ!" मी म्हणालो, पितरांना सेल समजत नाही. पक्षभर नवी वस्तू घरात आणणार नाही. सवलत गेली. मी कोणत्याही प्रकारे दुःखी नव्हतो, असे सुमंतचे म्हणणे आहे.

घटस्थापनेस मात्र निमित्त उरले नाही. कोट, टोपी आणि नारळ घेऊन मी दुकानात गेलो. सोबत नंदा, सुमंत, डॉक्टर आणि वॉल्टरराव. मुलगी पाहायलाही आपण इतकी माणसे गेलो नव्हतो. दुकानातील बाईंनी ती रायफल काउंटरवर ठेवली. मी उपरणे पसरून ती त्यावर ठेवावयास लावली, पादत्राणे काढली आणि नमस्कार केला. त्या बाईंनी मागे सरकून सुमंतला विचारले, "इज ही ओके?" सुमंत म्हणाला, "ही इज व्हेरी ओके." मी रायफलीचे गाव विचारले, घडण विचारली, तिच्याविषयी कोणाची तक्रार आहे काय हे विचारले. नंदांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "अंगानं भरलेली आहे. रंग सावळा आहे पण नाकीडोळी नीट." नंतर सरकारी चौकशी झाली, तिच्यात मी निष्कलंक ठरलो. नारळ मात्र दुकानात फोडू दिला नाही. तो पार्किंगमध्ये फोडला. एका गृहस्थाने खोबरे घेतले आणि आभार मानले.

तर ती आता आपली आहे. थर्टी-ऑट-सिक्सची, मागे दांडी ओढून काडतूस भरण्याची, अक्रोडी दस्त्याची, कातडी पट्ट्याची. डॉक्टर मला नेमबाजीच्या मैदानावरही घेऊन गेले. मी अनेक वेळा गोळी झाडली. पहिल्याच धक्क्याला टोपी मागच्या रांगेत गेली आणि खांदा त्या दिवसापासून पावसाचे भाकीत सांगू लागला आहे. तरीही एक गोळी कागदावरील वर्तुळाच्या बरोबर मध्यबिंदूत बसली, हे मी नम्रपणे नमूद करतो. कागद शेजारच्या गृहस्थाचा होता, असे डॉक्टर सर्वांना सांगत सुटतात. गोळी मध्यभागी लागली ही वस्तुस्थिती आहे; कागद कोणाचा हा तपशील आहे.

येथवर सर्व यथासांग झाले. पुढे खंडेनवमी आली.

आपणांस आठवत असेल, खंडेनवमीस आपल्या दुकानात तराजू, वजने, हातोडे, कानशी या सर्वांची मी पूजा मांडत असे आणि दसऱ्याच्या सकाळी आपण स्वतः येऊन उत्तरपूजा सांगत असा, कारण मंत्र आपल्याला पाठ. आपण अक्षता टाकून तराजू किंचित हलवला की मग मी पहिले गिऱ्हाईक घेई. येथे शस्त्र म्हणावे असे काही आजवर नव्हते. कांचनचा मिक्सर आणि सुमंतचा लॅपटॉप यांनाच गंध लावत आलो. या वर्षी मात्र साक्षात शस्त्र घरात. कांचनने स्वतः कपाट उघडून दिले. घोड्याचे कुलूप तसेच ठेवून रायफल देवघरापुढील पाटावर मांडली. मी आवाहन केले, प्राणप्रतिष्ठेचे जेवढे येत होते तेवढे म्हटले, झेंडूचा हार घातला आणि दुर्बिणीच्या काचेलाही हळदकुंकू वाहिले. (तिच्यातून आता पाहिल्यास सर्व जग रंगपंचमी खेळून आल्यासारखे दिसते.) फार शोभा आली. उर्वीनेसुद्धा जिन्यावरून फोटो काढला.

दसऱ्याच्या सकाळी मी रायफल उचलण्यास वाकलो, तोच नंदा मागून म्हणाल्या, "उत्तरपूजा केली का?"

केली नव्हती. येत नव्हती. मोरेश्वरराव, पूजेचा आरंभ सर्वांना येतो. शेवट करणे आपल्यावर सोपवून आम्ही सर्व निश्चिंत राहिलो. सुमंत म्हणाला, "बाबा, असंच उचला ना, काय होतंय!" मी त्याच्याकडे नुसते पाहिले. ज्या देवतेला मान देऊन बोलावले, तिला निरोप न देता तिच्या खालचा पाट ओढावयाचा? चौथीपर्यंतच शिकलो असेन, परंतु आलेल्या पाहुण्याला कसे वागवावे हे आम्हांला पहिलीतच शिकवले होते. मी हात मागे घेतला.

तेव्हापासून रायफल देवघरापुढे आहे. नंदा तिला रोज फूल वाहतात. कांचन रोज मला विचारते, "बाबा, ही कपाटात कधी जाणार?" आणि तिचा प्रश्न रास्त आहे. ती निजण्यापूर्वी खाली येऊन घोड्याचे कुलूप ओढून पाहते. मागील रविवारी वॉल्टरराव आले. हार, कुंकू, समई आणि मध्ये निजलेली रायफल पाहून त्यांनी टोपी काढली आणि रुमालाने डोळे पुसले. कोणीतरी वारले आहे असे त्यांना वाटले असावे, किंवा त्यांना त्यांचे कोणीतरी आठवले असावे. आम्ही खुलासा केला नाही. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटे मोजून दाखवली. पंधरा नोव्हेंबरला किती रविवार उरले, ते. मग ते सुमंतला काहीतरी म्हणाले. सुमंतने सांगितले, "ते म्हणतायत, त्यांनी खोलीत स्टोव्ह दुरुस्त करून ठेवलाय आणि दुसरी खुर्ची गॅरेजमधून नेऊन ठेवलीय."

एकंदरीत तयारी पूर्ण आहे. शिकाऱ्याने येथे भगव्या रंगाचे वस्त्र अंगावर घेतलेच पाहिजे असा सरकारी नियम आहे (हे राष्ट्र आपल्याला वाटते तितके परके नाही), म्हणून सुमंतच्या लग्नातील भगवा फेटा मी काढून ठेवला आहे. शस्त्र आहे, वस्त्र आहे, सोबती आहे, अरण्य आहे. केवळ उत्तरपूजा नाही. माझ्या नेमाविषयी, वयाविषयी किंवा धैर्याविषयी कारंज्यात कोणी काही बोलत असेल, तर हे पत्र त्यास खुशाल वाचून दाखवावे. (ताजा कलम वाचू नये.)

सर्व लहानथोरांस यथायोग्य सांगावे. दिवाळीत अनारसे कोणी केले आणि ते हसले का, तेही कळवावे.

आपला,
कृष्णाजी सदाशिव उमाळे

ता. क. आपण चाणाक्ष आहात, तेव्हा पत्राचे कारण ओळखलेच असेल. उत्तरपूजेचा विधी व मंत्र कृपा करून तत्काळ कळवावा, म्हणजे रायफल उचलता येईल. पंधरा नोव्हेंबर जवळ आला आहे. विलंब नको.

ता. क. दुसरा. वरील मजकूर लिहून झाल्यावर मी चहा घेतला आणि पुन्हा विचार केला. धर्मकार्यात घाई करू नये, हे आपलेच वाक्य आहे. आपण पंचांग नीट पाहावे. नीट पाहिल्यावर आपल्यालाही असेच आढळेल अशी माझी खात्री आहे की, परदेशी मांडलेल्या शस्त्राच्या उत्तरपूजेस दत्तजयंतीच्या आत मुहूर्त नाही. (येथील हंगाम तोवर संपतो, हा केवळ योगायोग.) तसे आढळल्यास पत्र लिहीत बसू नये. येथे रविवारी सकाळी सर्वजण टेबलाशी असतात. तेव्हा फोन करावा आणि मोठ्याने, आपल्या देवळातल्या आवाजात सांगावे. रायफल कुलूपबंदच आहे, ती दत्तजयंतीपर्यंत जागची हलवू नये, हेही सांगावे. तेवढे दिवस कांचनने दम धरावा, असे जरा प्रेमाने म्हणावे. आपला शब्द ती मोडणार नाही. मी आपल्याशी कडाडून वाद घालीन. "शास्त्राच्या नावाखाली पुरुषाचा पराक्रम अडवता काय!" असेही म्हणेन. आपण किंचितही माघार घेऊ नये, आणि जे बोलेन ते मनावर घेऊ नये.

मुहूर्त नसला तरी वॉल्टररावांना दिलेला शब्द मोडता येणार नाही. तेव्हा मी रिकाम्या हातांनी जाईन. म्हणजे अगदी रिकाम्या नव्हे. नंदांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून देण्याचे कबूल केले आहे, आणि पत्त्यांचा जोड मी घेत आहे. त्यांची ती छायाचित्रे मी काल पुन्हा एकदा पाहिली. ते दोघे भाऊ शिकारी म्हणून सामान्य होते, हे माझे मत मी मागे घेतो.

ता. क. तिसरा. नंदांनी पाकीट चिकटवण्यापूर्वीच पत्र वाचले असावे, कारण मघापासून त्या दशम्यांना किती पीठ लागेल ते विचारत आहेत आणि हसत आहेत. काही बोलल्या मात्र नाहीत. पन्नास वर्षांत प्रथमच.

भेंडी संपली. फाटक्या कानाची ती आज पहाटे आली आणि झेंडू खाऊन गेली. दुर्बीण पूजेत अडकलेली असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनीच पाहिले. एवढ्या लांबून पापण्या दिसत नाहीत. पण आहेत, हे मला माहीत आहे.